शिखरजीचा पाय

अक्काताई मगदूम पडल्या आणि त्यांचं हाड मोडलं, असं बाहुबली सगळ्यांना फोनवर सांगत होता. पण ते खरं नव्हतं. हाड आधी मोडलं, अक्काताई नंतर पडल्या. सकाळी साडेआठला त्या पंख्याचं बटण बंद करायला वळल्या, नुसत्या वळल्या, आणि स्वयंपाकघरात टक् असा आवाज झाला. शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं लेथ मशीनपाशी काढलेल्या माणसाला मोडण्याचे आवाज ओळखू येतात. पोलाद तुटलं की वेगळा, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तुटलं की वेगळा. हा बीडाचा होता. त्यानंतर अक्काताई दीड सेकंद उभ्याच होत्या, कुणीतरी हाक मारलीय आणि ओ द्यावी की नको हे ठरत नसावं तशा. मग सावकाश खाली टेकत आडव्या झाल्या.

"बाहू," त्या फरशीवरून म्हणाल्या, "कायतरी तुटलं. बघ बरं माझंच हाय का."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईनं पडल्यावर ओरडायचं असतं अशी बाहुबलीची समजूत होती. ती ओरडली असती तर त्याला काय करायचं ते सुचलं असतं. तो हातात चहाची बशी धरून तसाच उभा राहिला, आणि रुग्णवाहिका आली तेव्हाही ती बशी त्याच्या हातातच होती. दवाखान्यात पोचल्यावर त्याची बायको दीपानं ती काढून घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

एक्स-रे काढायला आकाराम नावाचा एक शांत माणूस होता. दिवसभर लोकांच्या आतलं बघून त्याला बाहेरच्या कशाचंच नवल राहिलं नसावं. पडद्यावर कमरेचं चित्र आलं. उजव्या खुब्याचा गोळा जागेवर होता, पण त्याच्याखाली मांडीचं हाड तिरकं फुटलं होतं, आणि बाहेरच्या बाजूचा एक तुकडा वेगळाच उभा होता. इथपर्यंत ठीक होतं. डाव्या बाजूला मात्र एक पट्टी होती. मांडीच्या हाडाला घट्ट बसलेली, तिच्यात चार आडवे स्क्रू, आणि वर एक करंगळीएवढा जाड स्क्रू तिरका जाऊन थेट गोळ्यात घुसलेला.

"हा आमचा नव्हे," बाहुबली म्हणाला.

"नाव वाचा की. अक्काताई भूपाल मगदूम."

"नाव बरोबर हाय. आई चुकलीय."

"आई कशी चुकंल, पावणं? आत एकच आई गेलती."

बाहुबलीनं दुसरा एक्स-रे काढायला लावला. आकारामनं काढला. पट्टी होती तिथंच होती, उलट या खेपेला जास्त स्वच्छ दिसत होती.

"तिसऱ्यांदा काढ म्हणाल तर काढतो," आकाराम म्हणाला, "पर पट्टी काय जाणार न्हाय. कुणीतरी मन लावून बसवलीय."

ते मात्र बाहुबलीला नाकारता येईना. एवढा धक्का बसलेल्या अवस्थेतही त्याच्या डोळ्यानं पाहिलंच होतं, की चारही स्क्रू एका रेषेत आहेत आणि एकही तिरपा गेलेला नाही. काम नंबरी होतं. फक्त ते त्याच्या आईत कसं आलं, हे कळत नव्हतं.

अक्काताईंना विचारलं, तर त्या छताकडं बघत म्हणाल्या, "ती व्हय. ती जुनी हाय. तिला हात लावू नका म्हणावं."

इथं डाव्या पायाची माहिती सांगायला हवी. अक्काताई डाव्या पायानं किंचित लंगडत, आणि या लंगडण्याला जयसिंगपुरात मान होता. चौऱ्याण्णव साली त्या जैनांच्या सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेल्या, अनवाणी पहाड चढल्या, पाय दुखावला तरी पहाडाची वंदना अर्धी सोडली नाही, आणि दोन महिन्यांनी परतल्या त्या लंगडत. समाजानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तेव्हापासून शिखरजीला निघालेली कुठलीही बाई आधी मगदूमांच्या घरी येई आणि अक्काताईंच्या डाव्या पायाला हात लावून मग गाडीत बसे. मगदूम कुटुंब कोल्हापुरात राहायला आलं, तर बायका कोल्हापूरपर्यंत येऊ लागल्या. उजव्या पायाला कुणी हात लावत नसे. चुकून लागला तर पुन्हा डाव्याला लावत.

"आई," बाहुबली म्हणाला, "शिखरजीला पट्टी बसवतात?"

"शिखरजी कुठली? मिरजेला बसवली." अक्काताईंनी डोळे मिटले. "तुझ्या आण्णांनी मला मोपेड शिकवायला घेतलीती. तू तवा पिंपरीला नोकरीला हुतास. उदगावच्या रस्त्याला पहिल्या दिवशी मला ऍक्सिलरेटर शिकवला. ब्रेक दुसऱ्या दिवशी शिकवणार हुते."

सलाईनचे थेंब पडत होते.

"यात्रेची तिकिटं चार दिवसांवर हुती. तुझी आजी म्हंजे जमदग्नी. सून मोपेडवरनं पडली हे तिला कोण सांगणार? आण्णा म्हणाले, यात्रेलाच गेलीस म्हणून सांगू. दवाखाना झाला, मग कुरुंदवाडला माझ्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं राहिलो. आक्का खरंच जाऊन आल्ती. ती मला रोज संध्याकाळी पहाडावरचं एकेक टोंक, एकेक शिखर, तोंडपाठ करून घ्यायची. घरी आलो तर अंगणात बायका ताट घेऊन उभ्या. पाया पडाय लागल्यावर खरं बोलाय तोंड कुठं राहिलं, बाहू?"

बाहुबलीला आईच्या खोटं बोलण्याचं फार वाटलं नाही. त्याला धक्का बसला तो वडिलांचा. भूपाल मगदूम म्हणजे रस्ता ओलांडायला वीस मिनिटं घेणारा माणूस. सायकलला तीन घंट्या. त्या माणसानं बायकोला मोपेडवर बसवून हात सोडला होता. आणि ती मोपेड आजही बाहुबलीच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात उभी होती. पुढच्या मडगार्डला पोचा होता, तो आण्णांनी मरेपर्यंत काढू दिला नाही. दरवर्षी खंडेनवमीला बाहुबली तिला झेंडूचा हार घालत होता, वडिलांची आठवण म्हणून.

हाडांच्या डॉक्टर होत्या डॉ. क्रांती, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या. बोलणं पेठेचं, रोखठोक, हात मात्र फार हलके. त्यांनी दोन्ही एक्स-रे उजेडावर लावले आणि टेबलाच्या खणातून तीन नमुने काढून मांडले.

"काका, नीट ऐका. हाड हितं मोडलंय, गोळ्याच्या खाली. तीन वाटा आहेत. एक, बाहेरून पट्टी आणि गोळ्यात स्क्रू, डाव्या बाजूला आहे तशी. दोन, हाडाच्या पोकळीतून आत जाणारा खिळा, त्याला आम्ही नेल म्हणतो, आणि त्यातून गोळ्यात जाणारं हे पिळाचं पातं. तीन, गोळा काढून टाकायचा आणि धातूचा बसवायचा. तिसरं मी धरत नाही. त्यांचा गोळा चांगला आहे, ऑपरेशन मोठं होईल. माझं मत नेल. उद्या सकाळी."

बाहुबलीनं खिशातून माप घ्यायचा व्हर्नियर काढला. तो त्याच्या खिशात असायचाच, इतर लोकांच्या खिशात कंगवा असतो तसा. त्यानं स्क्रू मोजला, पातं मोजलं, आकडे हातावर लिहिले. मग म्हणाला, "पट्टीच बसवा."

"का?"

"एकतीस वर्षं चाललीय. एक तक्रार न्हाय. मशीनला जो पार्ट टिकला तोच परत मागवायचा असतो. आम्ही रिपीट ऑर्डर देतो, नवीन प्रयोग करत न्हाय. ड्रॉइंग तेच, फक्त उजव्या बाजूचं करा."

"पार्ट तोच आहे काका, मशीन तेच राहिलं नाही." डॉ. क्रांतींनी डाव्या हाडावर बोट ठेवलं आणि मग उजव्या. "तेव्हा त्या सत्तेचाळीसच्या होत्या. आता हाडं ठिसूळ झालीत. कडा बघा, पेन्सिलीनं काढून खोडल्यासारख्या. धातू तुटायची मला भीती नाही. धातू तसाच राहतो आणि हाड फाडून बाहेर येतो. त्यात हा बाहेरचा तुकडा सुटलाय, म्हणजे पट्टीला टेकायला भिंतच नाही. हाडांची घनता कधी तपासलीत?"

"न्हाय."

"वर्कशॉपमधल्या मशीनची सर्व्हिसिंग?"

"दर तीन महिन्यांनी," बाहुबली म्हणाला, आणि व्हर्नियर मिटून खिशात ठेवला.

"ऑपरेशनला सही त्यांची लागेल, तुमची नाही. त्या शुद्धीवर आहेत."

अक्काताई शुद्धीवर होत्याच. त्यांनी सांगितलं, "बाहूला पटू दे, मग करतो सही. लोखंडातलं त्याला कळतंय."

आत्तापर्यंत बाहुबली वाद घालत होता, आता निर्णय त्याच्यावर आला होता. त्याची आत्या, चिमणाबाई, अशीच खुबा मोडून पडली होती. घरच्यांनी उद्या बघू, परवा बघू केलं. आत्या खाटेवर गेली ती दोन महिन्यांनी खाटेवरूनच गेली, शेवटी खोकत. डॉ. क्रांतींनी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: पडून राहिल्या तर छाती भरेल, पायात गुठळी होईल, पाठीला जखमा होतील. चूक निवडली तर आई उठणार नाही, निवडायला वेळ लावला तरी उठणार नाही. संध्याकाळपर्यंत सांगा, असं त्यांनी बजावलं.

बाहुबलीला एकच गोष्ट येत होती, ती त्यानं केली. नमुना मशीनवर चढवून बघायचा.

दुपारी एकला तो वर्कशॉपमध्ये होता. तीनपर्यंत त्यानं मापानुसार एक जाड स्क्रू आणि एक पिळाचं पातं तयार केलं. आता प्रश्न हाडाचा. सागवान फार टणक. थर्माकोल अपमानास्पद. शेवटी तो शाहूपुरीत जाऊन गुळाची एक ढेप घेऊन आला, वखारीत कोरडी राहिलेली, पिवळीधमक, वाजवली तर ठण्ण वाजणारी. तिच्यात भोक पाडून स्क्रू पिळला, दुसऱ्या बाजूला पातं ठोकलं, आणि दोन्हींना वजनं टांगली. वीस किलो, तीस, चाळीस. दोन्ही हलेनात. साठाला ढेपच टेबलावरून निघाली, पण स्क्रू सुटला नाही. बाहुबलीनं तक्ता केला. दोन रकाने, खाली सही, तारीख, आणि सवयीनं 'तपासले' असा शिक्का.

साडेपाचला तो ढेप बगलेत मारून दवाखान्यात शिरला. दारावरच्या माणसाला वाटलं प्रसाद आहे, त्यानं पायातली चप्पल काढून बाजूला सरकवली.

"पट्टी नापास होत न्हाय," बाहुबलीनं तक्ता डॉ. क्रांतींपुढं धरला. "मी बघितलंय."

डॉ. क्रांतींनी तक्ता वाचला. शिक्का दोनदा वाचला. मेडिकल कॉलेजात या प्रसंगासाठी काही शिकवलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"इकडं आण ती ढेप," अक्काताई म्हणाल्या.

अक्काताईंचं माहेर कुरुंदवाडचं, घरचं गुऱ्हाळ. त्यांनी पडल्या पडल्या नखानं गूळ खरवडला, जिभेवर घोळवला.

"माघातला हाय. कणीदार. ह्याच्यात तू चमचा रोवलास तरी निघायचा न्हाय. हे माझं हाड न्हवं, बाहू. हे माझं चौऱ्याण्णव सालचं हाड हाय."

"मग आताचं कुठलं?"

"दीपा, आपल्या डब्यातला आण जा."

दीपा रिक्षानं घरी जाऊन स्टीलचा डबा घेऊन आली. त्या डब्याचं झाकण आषाढापासून नीट बसत नव्हतं. आतला गूळ वरून अजून ढेपेसारखाच दिसत होता, तोच रंग, तोच आकार. बोट लावलं की आत जात होतं. आतून त्याला बारीक बारीक भोकं पडली होती.

"ह्यो मी," अक्काताई म्हणाल्या.

बाहुबली त्या डब्याकडं बघत राहिला. त्याच आकाराची आई रोज पहाटे उठत होती, देवळात जाऊन येत होती, त्याला पोळी वाढत होती. आत असं चाललं होतं आणि बाहेर टक् म्हणूनही आवाज आला नव्हता, आज सकाळपर्यंत.

"काका, एक सांगते," डॉ. क्रांती म्हणाल्या. "हे संशोधन नाही, हा गूळ आहे. माझा निर्णय एक्स-रेवरून सकाळीच झालाय. पण तुमचं समाधान होऊन सही मिळणार असेल तर लावा स्क्रू. मी पाच मिनिटं थांबते."

बाहुबलीनं आईच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. आधी स्क्रूसाठी भोक पाडलं. गुळाचा भुगा बाहेर आला, चांगला मूठभर. स्क्रू पिळला. बसला. सोडून दिला. स्वतःच्याच वजनानं तो हळूच मान टाकत गेला, आणि कडेचा गूळ फाडत टेबलावर पडला. दणका नाही, काही नाही. स्क्रू अगदी सरळ होता, आट्यांना धक्का नव्हता. धातू पास झाला होता.

मग त्यानं पातं घेतलं. त्यासाठी भोक पाडलं नाही, तळहातानं ठोकत नेलं. पातं पिळ घेत आत गेलं, आणि जाताना बाजूचा गूळ दाबत गेलं. भुगा आला नाही. त्यानं पात्याला धरून डब्यातला गूळ उचलला. गूळ उचलला गेला. हलवला. जरा कुरकुरला, पण राहिला.

खोलीत सगळे त्या लोंबणाऱ्या गुळाकडं बघत होते. औषध द्यायला आलेली नर्स दारातच थांबली होती.

"भोक पाडताना आपणच माल काढतो," बाहुबली स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "जिथं मालच कमी, तिथं काढून कसं चालंल? हे काढत न्हाय. हे आहे तोच दाबून बसवतंय."

"आणि खिळा आत पोकळीत असतो," डॉ. क्रांती म्हणाल्या, "म्हणजे भार मधून जातो. पट्टी बाहेर लोंबते. बादली अंगाजवळ धरली तर हलकी लागते, हात लांब केला तर जड, तसं. कुठलंही शंभर टक्के नसतं काका. नेलसुद्धा बिघडू शकतो. पण ह्या हाडात, ह्या फ्रॅक्चरला, मी माझ्या आईला हाच बसवीन. आणि नंतर हाडांची औषधं. ती चुकवायची नाहीत."

बाहुबलीनं तक्ता घेतला, 'तपासले' या शिक्क्यावर काट मारली आणि आईच्या हातात पेन दिलं. आईनं संमतीपत्रावर सही केली.

"बाहू," ती म्हणाली, "तो गूळ टाकू नगंस. आमटीला चालंल."

ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू झालं. बाहुबली दाराबाहेर बसला. आत हातोडीचा आवाज येत असेल, आणि तो आपल्याला ओळखू येईल, या भीतीनं त्यानं कानांत दीपाच्या स्वेटरच्या बाह्या कोंबल्या होत्या. दहाला डॉ. क्रांती बाहेर आल्या आणि त्यांनी मोबाइलवर एक्स-रे दाखवला. डावीकडं एकतीस वर्षांची पट्टी, उजवीकडं हाडाच्या मधोमध नवा नेल, पातं गोळ्याच्या बरोबर मध्यभागी. बाहुबलीनं स्क्रीनवरच व्हर्नियर लावून बघितलं. डॉ. क्रांतींनी लावू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरहून वर्षाराणी पाटील आली. ती कार्तिकात शिखरजीला निघणार होती. तिनं सफरचंदं ठेवली आणि पांघरूण सारून डाव्या पायाकडं हात नेला. बाहुबलीनं दीपाकडं बघितलं. दीपानं खिडकीकडं बघितलं.

"थांब गं," अक्काताई म्हणाल्या. "त्यो पाय शिखरजीला गेलेला न्हाय. त्यो उदगावपर्यंत गेलाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मोपेड, मिरज, आक्काची शिकवणी. वर्षाराणी हात तसाच हवेत धरून ऐकत राहिली. तिचा चेहरा बाहुबलीला ओळखीचा वाटला. परवा एक्स-रेच्या पडद्यासमोर त्याचा तसाच झाला असणार.

"माझ्या सासूनं हात लावलाय ह्या पायाला," वर्षाराणी अखेर म्हणाली. "तीनदा. तिन्ही वेळा यात्रा सुखरूप झाली."

"ती तिच्या पायांनी झाली, माझ्या न्हवं."

वर्षाराणीनं तरीही डाव्या पायाला हात लावलाच. "मला स्कूटी शिकायची हाय मावशी," ती म्हणाली. "घरात कुणी शिकवीना झालंय."

तेवढ्यात व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. स्वप्नाली तिचं नाव. तिनं अक्काताईंना कडेला बसवलं, पाय खाली सोडायला लावले. बाहुबली उभा राहिला. वर्कशॉपमध्ये पहिला नमुना मशीनवरून उतरतो तेव्हा तो असाच उभा राहायचा, श्वास न घेता, कारण आता कुठल्याही तक्त्याचा उपयोग नसतो.

"उजव्यावर भार द्यायचा हं आजी. भिऊ नका."

अक्काताईंनी वॉकर धरला. त्या उठल्या. आधी सगळा भार डाव्यावर, जुन्या पट्टीवर. मग हळूहळू, रस्त्यावर दोन्हीकडं बघून पाऊल टाकावं तशा, उजव्यावर आल्या. बाहुबलीचे कान आवाजाची वाट बघत होते. वॉकरचं रबर फरशीवर चुरचुरलं. दुसरं काही वाजलं नाही. एक पाऊल. मग डावा. मग पुन्हा उजवा. आता दोन्ही पायांत धातू असल्यानं की काय, लंगडणं निम्म्यावर आल्यासारखं वाटत होतं, पण ते कदाचित बाहुबलीच्या डोळ्यांत पाणी आल्यामुळं असेल.

"शाब्बास," स्वप्नालीनं वहीत काहीतरी लिहिलं. "आजी, आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो. बरं झाल्यावर काय करायचंय? म्हणजे तसा व्यायाम देता येतो. देवळात जायचंय? जिना चढायचाय?"

अक्काताई दारापर्यंत आल्या होत्या. तिथं थांबून त्यांनी दम खाल्ला.

"बाहू, ती मोपेड हाय न्हवं अजून?"

"हाय," बाहुबली म्हणाला. "चालू न्हाय."

"चालू नसली तरी चालंल. नुसतं बसतो तिच्यावर. ब्रेक कुठला ते तेवढं दाखव."

स्वप्नालीनं वही आणि पेन खाली केलं. तिनं बाहुबलीकडं बघितलं, की हे लिहू का.

"लिहा," बाहुबली म्हणाला.